न हललेला आकडा

१.३.६.१.४.१ हे सहा आकडे गेली बावीस वर्षे माझ्या बोटांत बसले आहेत. पत्नीचा मोबाइल क्रमांक आठवताना मला क्षणभर थांबावे लागते. हे आकडे आठवावे लागत नाहीत. राउटर, सर्व्हर, छपाईयंत्र, यूपीएस अशा एखाद्या उपकरणाची प्रकृती दुरून विचारायची असेल आणि विचारायची बाब त्या उत्पादकाने स्वतःच्या पद्धतीने ठरवलेली असेल, तर प्रश्नाचा पत्ता याच सहा आकड्यांनी सुरू होतो. या पत्त्याला ऑब्जेक्ट आयडेंटिफायर असे भारदस्त नाव आहे. आम्ही दिवसभर त्याला ओआयडी म्हणतो. उपकरणात बसून अशा प्रश्नांना उत्तरे देणारा प्रोग्रॅम म्हणजे एजंट. विचारणारा आणि सांगणारा यांच्यात ठरलेल्या भाषेचे नाव एसएनएमपी. आणि "अमुक ओआयडीवर प्रश्न आला, तर उत्तर मी देईन" असे एजंटपाशी सांगून ठेवणारा कोड लिहिणे, म्हणजेच ओआयडीची नोंदणी करणे, हा माझ्या उपजीविकेचा मोठा भाग. नातेवाइकांना मी "कॉम्प्युटरमध्ये आहे" एवढेच सांगतो. त्यात त्यांचेही हित असते आणि माझेही.

या कामाकडे मी पुष्कळ वर्षे निव्वळ कारागिरी म्हणून पाहिले. त्याचा नीतीशीही काही संबंध आहे, हे कळायला एक नुकसान व्हावे लागले. त्या नुकसानाकडे मी येणारच आहे. पण त्याआधी हा पत्ता कसा घडतो ते सांगणे भाग आहे. माझी चूक पत्त्यात नव्हती, आणि ती कुठे नव्हती हे समजल्याशिवाय ती कुठे होती हे समजणार नाही.

ओआयडी म्हणजे एका विशाल वृक्षातल्या फांद्यांचे क्रमांक, मुळापासून शेंड्याकडे ओळीने मांडलेले. पहिला १ म्हणजे आयएसओ ही आंतरराष्ट्रीय मानक संस्था. ३ म्हणजे तिने मान्य केलेल्या संस्था. ६ म्हणजे अमेरिकेचे संरक्षण खाते. त्याखालचा १ म्हणजे इंटरनेट. ४ म्हणजे खाजगी. आणि शेवटचा १ म्हणजे उद्योग. या साखळीतला चौथा दुवा मला नेहमी विचारात पाडतो. ही रचना १९८८ साली प्रथम लिहिली गेली आणि १९९० मध्ये आरएफसी ११५५ या नावाने पुन्हा प्रसिद्ध झाली. त्या दस्तऐवजात स्वच्छ म्हटले आहे की संरक्षण खात्याने आपल्या फांदीची व्यवस्था कशी लावायची हे अद्याप कळवलेले नाही, आणि ते खाते इंटरनेटला एक जागा देईल असे येथे गृहीत धरले आहे. जगभरच्या उपकरणांचे पत्ते या एका गृहीतावर उभे आहेत. ते गृहीत कोणी मोडले नाही, म्हणून ते पक्के झाले.

या सहा आकड्यांनंतर येतो तो ज्या त्या संस्थेचा क्रमांक. आयबीएमचा २, सिस्कोचा ९, एचपीचा ११, मायक्रोसॉफ्टचा ३११. हे क्रमांक आयाना ही नोंदसंस्था देते; मागेल त्याला, मागणीच्या क्रमाने, आणि एक पैसाही न घेता. आयानाचे काम अनेक वर्षे ज्यांच्या हातून झाले ते जॉन पोस्टेल १९९८ साली वारले. १९७२ मध्ये, नेटवर्क अगदी बाल्यावस्थेत असताना, क्रमांकवाटपाचा अधिकार एका माणसाकडे असावा असे त्यांनी एका छोट्या टिपणात सुचवले होते. तो माणूस म्हणून त्यांनी स्वतःचाच निर्देश केला, पण कंसात आणि प्रश्नचिन्हासह. पुढची सव्वीस वर्षे त्या प्रश्नचिन्हाचे उत्तर देण्यात गेली.

मी ज्या छोट्या कंपनीत रुजू झालो, तिच्याकडे स्वतःचा क्रमांक नव्हता. माझ्या आधीच्या कोणीतरी मोकळा भासलेला एक क्रमांक उचलून कोडात घातला होता. तो मोकळा नव्हता. परदेशातल्या एका उत्पादकाला तो रीतसर मिळालेला होता. दुसऱ्याच्या बांधावर झोपडी घालून राहण्याचाच हा प्रकार. मी पहिल्याच महिन्यात अर्ज केला. संस्थेचे नाव, पत्ता, संपर्काचा माणूस, एवढेच त्यात भरायचे होते. काही दिवसांनी पाच आकडी क्रमांक ई-मेलने आला. संध्याकाळी मी वडिलांना फोन करून तो सांगितला. ते सातारा जिल्ह्यातले निवृत्त तलाठी.

"म्हणजे तुम्हाला गट नंबर पडला म्हणायचा," ते म्हणाले.

तलाठ्याच्या घरात वाढलेल्या मुलाला ओआयडी वेगळा शिकावा लागत नाही. गट, गटाचा हिस्सा, हिश्श्याचा पोटहिस्सा: ४३/२/१ असे लिहिले की जमिनीचा एक विशिष्ट तुकडा डोळ्यांसमोर येतो. आपण सातबारा असे एका दमात म्हणतो, पण ते दोन निरनिराळे नमुने आहेत. गाव नमुना सात सांगतो जमीन कोणाची. गाव नमुना बारा सांगतो तिच्यात या हंगामाला काय उभे आहे. पहिली नोंद फेरफार होईपर्यंत तशीच राहते. दुसरीसाठी दर हंगामात बांधावर जावे लागते. वडील सायकलवरून जात. पायजम्याला कुसळे चिकटलेली असत, आणि आई ती ओट्यावर बसून एकेक वेचून काढी.

नोंदणीच्या कोडाविषयी आता थोडे सांगतो. मी ज्या एजंटवर काम करतो तो नेट-एसएनएमपी. त्याचे मूळ कार्नेगी मेलन विद्यापीठात, वाढ कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील परिसरात. नोंदणीचा कोड दिसायला सात-आठ ओळींचा असतो. एका ओळीत पत्ता, आकड्यांच्या रांगेच्या रूपात. शेजारी त्या रांगेची लांबी. मग उत्तर देणाऱ्या फंक्शनचे नाव, आणि हा पत्ता केवळ वाचण्यासाठी आहे की त्यावर लिहिताही येईल, याची परवानगी. एजंट सुरू होताना या ओळी एकदा चालतात आणि त्यांचे काम संपते.

इतक्या थोड्या ओळींत चुकण्याच्या जागा मात्र पुष्कळ. रांगेची लांबी एकाने कमी दिली, तर एजंट तक्रार करत नाही. तो आपल्या फांदीऐवजी तिच्या वरची संपूर्ण फांदी आपल्या नावे लावतो, आणि ज्या शेजाऱ्यांनी स्वतःची नोंद केलेली नाही त्यांच्या नावाचे प्रश्न आपल्या दारी येऊ लागतात. एकट्या मूल्याच्या पत्त्याला शेवटी शून्य लागते. नोंदणीची एक पद्धत ते शून्य स्वतः जोडते, दुसरी ते तुम्हीच जोडले आहे असे धरून चालते. पद्धतींची गल्लत झाली की पत्त्याला दोन शून्ये लागतात. त्या एका जादा शून्यापायी मी तरुणपणी एक अख्खी रात्र घालवली आहे. नोंद झालेली, लॉगमध्ये कुरकुर नाही, आणि विचारावे तर उत्तर एकच: नो सच इन्स्टन्स.

या उत्तराचे एक जुळे भावंड आहे: नो सच ऑब्जेक्ट. वरवर दोन्ही नकारच, पण त्यांत महत्त्वाचा भेद आहे. 'नो सच ऑब्जेक्ट' म्हणजे या नावाची बाब इथे कोणाच्याच खाती नाही. 'नो सच इन्स्टन्स' म्हणजे बाब माहीत आहे, तिचा जबाबदार इथे आहे, पण तुम्ही मागता ते मूल्य आत्ता नाही. एसएनएमपीच्या पहिल्या आवृत्तीत या दोन्हींना एकच उत्तर होते. दुसऱ्या आवृत्तीत ती वेगळी करण्यात आली. ज्यांनी हा भेद केला त्यांना तो तांत्रिक सोयीसाठी हवा असेल. मला त्यात सत्यनिष्ठेची एक फार बारीक जाण दिसते. आपल्याकडच्या शासकीय पत्रव्यवहारात 'निरंक' हा फार सोयीचा शब्द आहे. रकान्यात निरंक लिहिले की कागद पूर्ण होतो. पण अपघात घडला नाही म्हणून निरंक, आणि अपघात घडला का हे पाहायला कोणी गेलेच नाही म्हणून निरंक, हे दोन निरंक कागदावर सारखेच दिसतात.

एकाच पत्त्यावर दोघांनी हक्क सांगितला तर काय होते, हेही पाहण्यासारखे आहे. प्रत्येक नोंदीला एक प्राधान्यक्रमांक असतो. काही न सांगितल्यास तो १२७ धरला जातो. लहान आकडा वरचढ. दोघांचे आकडे सारखे असतील, तर मागून आलेल्याची नोंद नाकारली जाते. मुख्य एजंटला स्वतंत्र उप-एजंट जोडण्याची एक रीत आहे, तिला एजंटएक्स म्हणतात. तिथे उप-एजंटाचा संबंध तुटला की त्याच्या सगळ्या नोंदी काढून टाकल्या जातात. हक्क, अग्रक्रम, वारसा, बेदखली यांची एवढी काळजीपूर्वक व्यवस्था मी फार थोड्या ठिकाणी पाहिली आहे. मात्र या व्यवस्थेत एक प्रश्न कोणीच विचारत नाही: हक्क सांगणाऱ्यापाशी खरोखर सांगण्यासारखे काही आहे का? एजंट नाव लावून घेतो. पुढचे त्या नावावर सोडतो.

विचारणारा तर पूर्णतः परस्वाधीन असतो. त्याला उपकरणाच्या आत काय आहे ते ठाऊक नसते. तो एका ओआयडीपाशी येऊन "याच्या पुढे कोण?" एवढेच विचारतो, जे उत्तर येईल तिथे जाऊन पुन्हा तेच विचारतो, आणि असे करत सगळी आळी पालथी घालतो. या चालण्यात एकच अट: पुढचा पत्ता मागच्यापेक्षा मोठा असला पाहिजे. एजंटने चुकून मागचा पत्ता दिला, तर विचारणारा गोल गोल फिरत राहतो किंवा "ओआयडी वाढत नाही" असे सांगून तिथेच थांबतो. गावांची नावे इंग्रजी अक्षरांत लिहून त्यांची सारणी केली, तर बहुधा आधी अक्षरांची संख्या आणि मग प्रत्येक अक्षराचा सांकेतिक आकडा असा पत्ता बनतो. त्यामुळे ३.११९.९७.१०५ हे वाई ४.११२.११७.११०.१०१ या पुण्याच्या आधी येते. पुण्याच्या आधी वाई! माझ्या वाईकर सहकाऱ्याने हे आकडे छापून आपल्या टेबलावर लावले होते.

आता ते नुकसान.

घाटमाथ्यावर दूरसंचाराचे एक ठाणे होते. तिथे कायमचे कोणी राहत नसे. यंत्रांच्या खोलीला लागून बॅटऱ्यांची खोली: दोन व्होल्टचे चोवीस सेल, मिळून अठ्ठेचाळीस व्होल्ट. अशा बॅटऱ्या उष्णतेला फार संवेदनशील असतात. तापमान दहा अंशांनी वाढले की आयुष्य साधारण निम्मे होते, असा या क्षेत्रातला अनुभवसिद्ध हिशेब आहे. म्हणून खोलीत वातानुकूलन होते, तापमान मोजणारा सेन्सर होता, आणि त्या सेन्सरचे वाचन दूरच्या केंद्राला सांगणारा आमचा एजंट होता. तापमानाच्या ओआयडीची नोंदणी मी केली होती. एसएनएमपीच्या मूल्यांत दशांश चिन्ह नसते, म्हणून २७.४ अंश सांगायचे तर २७४ असा पूर्णांक पाठवायचा आणि दहाने भागायचे, असे ठरले होते.

काम हवाली करण्याआधी प्रात्यक्षिक झाले. सेन्सर आणि आमची पेटी यांच्यामधला कन्व्हर्टर अधूनमधून वेळेत उत्तर देत नसे, आणि तेवढ्यापुरता पडद्यावरचा आलेख तुटे. पाहायला आलेल्या अधिकाऱ्यांपैकी एक जण म्हणाले, "बाकी सगळे उत्तम आहे, पण रेघ अशी तुटक बरी दिसत नाही." त्यांचे म्हणणे मला पटले. मी फंक्शनमध्ये तीन ओळी घातल्या: वाचन फसले, तर मागचे यशस्वी वाचन उत्तर म्हणून द्यावे. तो निर्णय घ्यायला मला दहा मिनिटेही लागली नाहीत. रेघ अखंड झाली. त्या बदलाची नोंद करताना मी 'दुरुस्ती' हा शब्द वापरला होता.

दोन वर्षांनी, एका एप्रिलमध्ये, त्या ठाण्यातल्या एका बोर्डाचा एमसीबी पडला. यंत्रांचा पुरवठा वेगळा होता, तो चालू राहिला. पडलेल्या बोर्डावर दोनच गोष्टी होत्या: बॅटरीच्या खोलीचे वातानुकूलन, आणि सेन्सरच्या कन्व्हर्टरचा अ‍ॅडाप्टर. म्हणजे ज्या क्षणी गारवा गेला, त्याच क्षणी गारवा मोजणाराही गेला. जाण्यापूर्वीचे त्याचे शेवटचे वाचन २७४ होते.

केंद्रातला सर्व्हर दर पाच मिनिटांनी विचारत असे. एजंट दर पाच मिनिटांनी सांगत असे: २७४. दिवसाला दोनशे अठ्ठ्याऐंशी वेळा. ११ दिवस. नंतर लॉग समोर घेऊन मी गुणाकार केला. ३,१६८ वेळा माझ्या नावाने नोंदलेल्या पत्त्यावरून तेच उत्तर गेले होते. पडद्यावर ठाण्याचा ठिपका हिरवा होता. धोक्याची पातळी ओलांडली तर घंटा वाजणार होती, आणि पातळी कोणी ओलांडत नव्हते.

अकराव्या दिवशी जनरेटरमध्ये डिझेल भरायला गेलेल्या टेक्निशियनचा हात बॅटरीच्या खोलीच्या कडीला लागला. त्याने केंद्राला फोन केला. केंद्रातल्या माणसाने पडदा पाहून सांगितले की इथे सत्तावीस पॉइंट चार आहे, काही काळजी नाही. "मग इथं येऊन बसा म्हणावं," तो म्हणाला, आणि मग कोणाकडून तरी माझा क्रमांक मिळवून त्याने मला फोन केला.

"साहेब, तुमचा आकडा हलत नाही. मी त्यांना मागचं वाचायला लावलं. दुपारी सत्तावीस पॉइंट चार, रात्री सत्तावीस पॉइंट चार. घाटावर असं हुतं का कधी?"

होत नाही. वाऱ्याच्या एका झुळकीने, दार उघडण्याने, ढग सरकण्याने दशांशाचा आकडा बदलतो. सजीव मापन थरथरते. मी संगणकासमोर बसून त्या अकरा दिवसांचा आलेख उघडला, आणि मला हवी होती तशी रेघ समोर आली: सरळ, अखंड, कुठेही न तुटलेली.

चोवीसपैकी सात सेल फुगले होते. अखेर सगळाच संच बदलावा लागला. कोणाला इजा झाली नाही. अहवालात कारण लिहिले गेले: सेन्सरच्या विद्युतपुरवठ्यात खंड. ते असत्य नव्हते. मी त्याखाली सही केली.

त्या दिवाळीत गावी गेलो असताना हे सगळे वडिलांना सांगितले. त्यांना एजंट, सर्व्हर यांतले काही समजावून द्यावे लागेल असे मला वाटले होते, पण ते मधेच म्हणाले, "म्हणजे तू मागीलप्रमाणे लिहिलंस." मग बराच वेळ ते सुपारी कातरत राहिले. त्यानंतर जे सांगितले ते मी आधी कधी ऐकले नव्हते. आईच्या मोठ्या आजारपणाच्या वर्षी रब्बीच्या पीकपाहणीला ते गेले नव्हते. चावडीत बसून त्यांनी मागच्या वर्षीचा नमुना बारा समोर ठेवला आणि ओळीमागून ओळ उतरवून काढली. त्याच काळात नातेवाइकांना ते आंतरदेशीय पत्रे लिहीत, आणि प्रत्येक पत्रात 'प्रकृतीस उतार आहे' हे एकच वाक्य असे. गावातल्या एका शेतकऱ्याने त्या वर्षी ज्वारी मोडून आले लावले होते. सातबारावर ज्वारी निघाली. सोसायटीने पीककर्ज ज्वारीच्या हिशेबाने दिले. उरलेली रक्कम त्याने खाजगी सावकाराकडून उचलली.

"तो काही बोलला?" मी विचारले.

"नाही. उलट घरी येऊन तुझ्या आईला बघून गेला. आल्याची पिशवी ठेवून गेला ओट्यावर."

वडिलांची नोंदीतली हयातभराची काटेकोर वृत्ती मी जाणून होतो. तिच्या मुळाशी ही एक रब्बी असेल, हे मला तोवर कळले नव्हते. परत आल्यावर मी त्या अहवालाला एक पुरवणी टिपण जोडले. त्यात त्या तीन ओळी, त्या कोणी घातल्या आणि का, हे लिहिले. त्याने फुगलेले सेल पूर्ववत झाले नाहीत, आणि खरे सांगायचे तर ते टिपण फारसे कोणी वाचलेही नाही.

तेव्हापासून या विषयाचा मी पुष्कळ विचार केला आहे, आणि तो वाचकांपुढे ठेवण्याची अनुमती घेतो. उत्तर न देणे हा दोष आहे असे आपल्याला लहानपणापासून शिकवले जाते. वर्गात गप्प बसलेला विद्यार्थी, कचेरीत 'पाहून सांगतो' म्हणणारा लिपिक, तपासणीचा निष्कर्ष यायचा आहे म्हणून मौन पाळणारा वैद्य, यांच्याविषयी आपले मत चांगले नसते. तत्परतेने उत्तर देणाऱ्याला आपण कार्यक्षम म्हणतो. यातून एक ओढ निर्माण होते: रकाना रिकामा दिसू नये, रेघ तुटू नये. ही ओढ दुष्ट नाही. ती बहुतेक वेळा भिडेपोटी, थकव्यापोटी, कधी प्रेमापोटीही निर्माण होते. वडिलांची ती पत्रे प्रेमापोटीच लिहिलेली होती. पण तिच्या आहारी जाऊन आपण विचारणाऱ्याचा एक हक्क हिरावून घेतो. काहीतरी बिघडले आहे, हे त्याला आपल्या मौनातून कळले असते. तेवढेही आपण त्याच्यापर्यंत पोहोचू देत नाही.

नोंदणीने जो अधिकार मिळतो, त्याचे स्वरूप येथे ध्यानात घेतले पाहिजे. एकदा एखादा पत्ता माझ्या नावे लागला की दुसरा कोणी त्यावर बोलू शकत नाही. त्या खोलीच्या तापमानाविषयी बोलण्याचा जगातला एकमेव अधिकृत मुखत्यार माझा कोड होता. कडीचा चटका बसलेल्या माणसाचा शब्द केंद्रात मान्य झाला नाही, कारण त्याची नोंद नव्हती आणि माझी होती. नमुना सातवरच्या नावाने नमुना बाराची पाहणी केल्याचे पुण्य आपोआप मिळते, अशी समजूत नोंदणीमुळेच पसरते. जितकी नोंद पक्की, तितके तिच्या आडून न पाहता बोलणे सोपे. पदे, पदव्या, परवाने यांच्या बाबतीतही मला हेच घडताना दिसते, आणि त्यात मी माझ्या बावीस वर्षांच्या अनुभवालाही धरतो. दहा मिनिटांत घेतलेला तो निर्णय एखाद्या नवख्याने घेतला असता, तर कोणीतरी त्याला थांबवून विचारले असते.

आता दुरुस्तीची हकिगत. ती मला वाटली तितकी सोपी निघाली नाही. त्या तीन ओळी काढून टाकाव्यात आणि वाचन फसल्यास 'नो सच इन्स्टन्स' द्यावे, एवढेच करायचे होते. पण आमच्या शास्त्राचा एक नियम आहे: प्रसिद्ध झालेल्या ओआयडीचा अर्थ बदलायचा नाही. अर्थ बदलत असेल, तर नवा ओआयडी घ्यावा आणि जुन्यावर 'ऑब्सोलीट' अशी खूण करून तो तसाच ठेवावा. जुना क्रमांक पुसायचा नाही, आणि दुसऱ्या कोणाला द्यायचा तर मुळीच नाही. १९९१ साली निघालेल्या आरएफसी १२१३ मध्ये १.३.६.१.२.१.९ हा पत्ता सीएमओटी नावाच्या एका पद्धतीसाठी राखलेला आहे. ती पद्धत मागे पडली. पत्ता तिच्याच नावे आहे. खुद्द त्या दस्तऐवजात तिच्यापुढे लेखकांनी एक मिस्कील शेरा मारून ठेवला आहे, पण जागा काढून घेतलेली नाही.

आमच्या कागदपत्रांत माझ्या जुन्या ओआयडीचे वर्णन 'खोलीचे वर्तमान तापमान' असे होते, आणि दोन वर्षे त्याने दिलेले मूल्य 'शेवटचे ज्ञात तापमान' असे होते. तेव्हा मी नियमाप्रमाणे गेलो. नव्या क्रमांकावर वर्तमान तापमान ठेवले, जे नसेल तेव्हा नाही म्हणून सांगेल. त्याच्या शेजारच्या क्रमांकावर आणखी एक बाब नोंदली: हे वाचन किती जुने आहे, सेकंदाच्या शतांशात. आणि जुन्या क्रमांकापुढे 'ऑब्सोलीट' लिहून त्याच्या वर्णनात दोन वाक्यांत कारण दिले. ती फाइल अजून प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबर जाते. कंपनीत येणारी मुले ती वाचतात. एकीने मागे विचारले, "सर, ही ओळ कोणाची?" मी सांगितले.

रेघ पुन्हा तुटक दिसू लागली आहे. केंद्रातले अधिकारी आता बदलले आहेत, आणि नव्यांनी मागच्या बैठकीत तोच विषय काढला की आलेखात मध्ये मध्ये भोके दिसतात, वरिष्ठांना दाखवायला बरे वाटत नाही. मी त्यांना ती फाइल उघडून दाखवली. त्यांनी ती वाचली की नाही, सांगता येत नाही. गेल्या श्रावणात एका रात्री दोनच्या सुमारास त्या ठाण्याची रेघ तुटली आणि पाऊण तास जुळली नाही, तेव्हा केंद्रातून टेक्निशियनला फोन गेला. तो पावसात वर जाऊन आला. सकाळी त्याने मला कळवले, "उंदरानं केबल खाल्ली हुती, साहेब. खोली गार आहे. मी हात लावून बघितली."